अर्ध्या कोयत्याचा उतारा

“उत्तर दिलं की लगेच खाली बसायचं नाही. असं का वाटलं ते सांगायचं, आणि मग बसायचं.”

आप्पासाहेब गुरुजींचं हे वाक्य सत्यशीलाबाईंच्या कानात चाळीस-बेचाळीस वर्षं मुक्काम ठोकून होतं. काष्टीच्या शाळेत तेव्हा जमीन शेणानं सारवलेली असे आणि चौथीला बसायला पोती असत. गुरुजी दुपारच्या सुट्टीनंतर धडा वाचायचे. आवाज चढवायचे नाहीत, हातवारे करायचे नाहीत. गोष्टीत पाणी आलं की मुलांना तहान लागायची, एवढं मात्र व्हायचं.

एकदा धड्यात एक म्हातारा होता. बाजार उठला, धूळ खाली बसली, तरी तो मोकळं दावं हातात घेऊन बसलेला. गुरुजींनी विचारलं, “हा का बसलाय?” वर्गानं एकमुखानं सांगितलं, बैल हरवला म्हणून. नऊ वर्षांची सत्यशीला उभी राहिली आणि म्हणाली, “विकला म्हणून.”

“असं का वाटलं?”

“हरवला असता तर हुडकत हिंडला असता, बसला नसता. आन् गुरुजी, बैल विकला तरी दावं गिऱ्हाइकाला देत नसतात. ते घरी आणतात.”

गुरुजी होते दुसऱ्या मुलखातले. त्यांना हे ठाऊक नव्हतं. शनिवारी शाळा सुटल्यावर ते जनावरांच्या बाजारात गेले, दोन-चार शेतकऱ्यांपाशी उकिडवे बसले, विचारून आले. सोमवारी प्रार्थना झाल्यावर म्हणाले, “परवा मी एक शिकलो. शिकवलं सत्यशीलानं.” आणि पोत्यावर बसलेल्या त्या मुलीला वाटलं, आपण एकदम हातभर उंच झालो.

त्या एका दिवसापायी ती मास्तरीण झाली, असं म्हटलं तरी चालेल.

नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या डोंगरात वीस वर्षं काढून सत्यशीलाबाई या जूनमध्ये पाथर्डीच्या अंगाला, डोंगरपायथ्याच्या एका वस्तीशाळेवर बदलून आल्या. तिकडे भाताची खाचरं आणि सदा ओली पायवाट, इकडे कुसळं आणि उघडे माळ. यजमान नगरजवळच्या नागापूरला एका वर्कशॉपमध्ये, म्हणून रविवारी पहाटे त्या नगरला जात, सोमवारी सकाळच्या जीपनं परत येत. मधले दिवस वस्तीवरच एक खोली भाड्यानं घेतलेली. सकाळी आंघोळ झाली की पोथीचा एक अध्याय, गुरुवारी उपास, आणि तोंडातून वावगा शब्द न जाऊ देण्याचा एक नेम, तो मात्र त्या कोणाला सांगत नसत.

पाचवीत अकरा मुलं होती. त्यांतली संस्कृती वाल्मिकची मुलगी. बोलायला कमी, वाचायला अशी की पुस्तकाला नाक टेकेल. वैशाखात तिची आई दिपाली काविळीनं गेली होती. बाई रुजू झाल्या तेव्हा पोरीच्या दप्तराला आईनं शिवलेला बंद अजून नवा होता. बाई तिच्याशी बोलताना आवाज आणखी एक पायरी खाली उतरवत. आणि घोटाळा झाला तो याच मायेमुळे.

दसऱ्याच्या आधी वाचनाची चाचणी घ्यायची होती. छापील उतारे मुलांनी आधीच पाठ करून टाकले होते, म्हणून बाईंनी स्वतःच एक उतारा लिहिला. लिहायला बसल्या आणि त्यांना आठवला राघू.

राघू दरसाल काष्टीला त्यांच्या वडलांच्या फडात ऊस तोडायला येई. टोळीच्या कोप्या विहिरीजवळ पडत, उसाच्या पाचटाच्या, वाकून आत शिरावं लागे अशा. सत्यशीला नऊ वर्षांची होती त्या साली तो बैलगाडीतून उतरला आणि वडलांना म्हणाला, “यंदा अर्धाच कोयता हाय, पाटील.” पोरीनं ते ऐकलं. तिला वाटलं, बिचाऱ्याचा कोयता मोडला. दुसऱ्या दिवशी टोळी फडात गेली तरी राघू आपला कोपीच्या दारात बसून. तिनं पडवीतला वडलांचा कोयता गुपचूप उचलला आणि त्याला नेऊन दिला. “हा घ्या, अख्खा हाय.” राघूनं तो घेतला, कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता पडवीत परत, चांगली धार लावलेला.

घरात पुढं कितीतरी वर्षं या गोष्टीचं हसू होत होतं. पाहुणे आले की थोरला भाऊ सांगायचा, “आमच्या सत्यशीलेनं लहानपणीच कोयतादान केलंय.” आई तेवढी हसायची नाही. ती चुलीकडं तोंड फिरवायची.

तर बाईंनी उतारा लिहिला तो असा:

‘राघू दर वर्षी ऊसतोडीला येई. यंदा त्याच्याकडे अर्धाच कोयता राहिला होता. सगळी टोळी फडात गेली. राघू कोपीच्या दारात बसून होता. कोपीच्या मेढीला एक चुंबळ टांगलेली होती. तिच्याकडे बघत तो बराच वेळ बसून राहिला.’

डोक्यावर मोळी घेताना खाली ठेवायची ती फडक्याची चुंबळ. ती उताऱ्यात का आली, हे बाईंनाही सांगता आलं नसतं. डोळ्यांपुढं चित्र होतं, त्यात ती होती, म्हणून लिहिली. खाली प्रश्न: ‘राघू कामावर का गेला नाही?’

दहा जणांनी लिहिलं, त्याचा कोयता मोडला होता म्हणून. संस्कृतीनं लिहिलं, ‘त्याची बायको वारली म्हणून.’

पोरीला जिथं तिथं आईच दिसते, असं बाईंना वाटलं. गुणांची यादी संध्याकाळपर्यंत केंद्रावर पोचवायची होती, तिथून दोनदा निरोप येऊन गेला होता. त्यांनी उत्तरावर तांबडी फुली मारली, खाली जपून लिहिलं, ‘मनातलं नको, उताऱ्यातलं लिही’, आणि पेपर देताना पोरीच्या पाठीवरून हात फिरवला.

“होतं असं, बाळा. पण उताऱ्यात बायको कुठंच नाही ना?”

संस्कृतीनं पेपरकडं पाहिलं, मग बाईंकडं पाहिलं. तिला काहीतरी बोलायचं होतं. समर्थ मागून हसला, आणि ती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हजेरी घेताना बाईंनी विचारलं तेव्हा समर्थनंच सांगितलं, “ती उसाला चाललीय, बाई. वाल्मिककाका आन् आज्जीसंगं. सोमवारी गाडी हाय त्यांची.”

“ती तर चुलतीकडं राहणार होती ना?”

“हुती. पर तीच म्हणली, मला वाचायचं जमत न्हाई.”

बाईंनी हजेरीपट मिटला.

शाळा सुटल्यावर त्या वाल्मिकच्या घराकडं निघाल्या. पावलं उचलत होती, पण मन मागं ओढत होतं. मुलांना जाऊ देऊ नका म्हणून त्यांनी आजवर कितीतरी बापांच्या विनवण्या केल्या होत्या. पण तिथं दोष परिस्थितीचा असायचा. इथं फुली त्यांची होती.

अंगणात बांधाबांध चालली होती. पातेली, बाजरीचं पोतं, गोधड्यांचं गाठोडं. वाल्मिक दोरी आवळत होता. त्याची आई बायडाबाई दोन्ही पाय पसरून कोयत्याच्या मुठीला चिंधी गुंडाळत बसली होती. संस्कृती उंबऱ्यापाशी, बाईंना बघून तिनं मान खाली घातली.

“या बाई,” बायडाबाई म्हणाली. “घरात बसाया जागा न्हाई, दगडावर बसा. च्या ठिवू का?”

“नको, आजी. वाल्मिकभाऊ, पोरीला नेताय म्हणे.”

वाल्मिकनं दोरी सोडली. “मी न्हाई नेत, बाई. मी इचारलं तिला. म्हणलं साळा जमत आसंल तर ऱ्हा रेश्माकाकूकडं, म्या आन् म्हातारी जाऊ. ती म्हणली न्हाई जमत. मग उगं पोरीला कशाला ठिवायची लोकाच्या दारात? तिथं म्हातारीला चुलीला हात तरी हुईल.”

“माझ्या हाताला काय झालंय?” बायडाबाई म्हणाली. “पाच-पन्नास मोळ्या आजून बी टाकीन. ह्याचा अर्धा मी पुरा करतेय का न्हाई?”

बाई थांबल्या. “अर्धा म्हणजे?”

“अर्धा कोयता वो. मुकादम एकट्याला कुठं घेतोय? एक कोयता म्हंजी दोघं. नवरा-बायकू. एक गेलं की ऱ्हायला तो अर्धा. मग कुनाची तरी जोड लावायची. ह्याला मी लागले.” म्हातारीनं चिंधीची गाठ दातानं ओढली. “तुमी काष्टीच्या ना? तुमच्याकडच्या फडात तर आमची हयात गेली.”

बाईंनी संस्कृतीकडं पाहिलं. तिनं अजून मान वर केली नव्हती. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो परवाच विचारायला हवा होता.

“संस्कृती, राघूची बायको वारली, असं तुला का वाटलं?”

ती उंबऱ्याकडं बघतच म्हणाली, “मी आईचं न्हाई लिहिलं. उताऱ्यात हाय तेच लिहिलं.”

“कुठं आहे?”

“अर्धा कोयता राहिला, असं हाय.”

“पण बायको माहेरीही गेली असेल. भांडून बसली असेल.”

आता तिनं मान वर केली. बाई खरंच विचारताहेत की उगीच, हे तिनं आधी पाहून घेतलं. “चुंबळ टांगलेली हाय. चुंबळ बाईची असती. माहेरी गेली आसती तर त्यो वाटंकडं बघत बसला आसता. चुंबळीकडं बघत बसला. आन् कोयता मोडला आसता तर कोयत्याकडं बघितलं आसतं. चुंबळीकडं कशाला बघंल?”

वाल्मिकनं तोंड फिरवलं आणि गाठोड्याची सुटलेली गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली.

सत्यशीलाबाईंना काही क्षण अंगण दिसेनासं झालं. विहिरीजवळची ती कोपी दिसत होती. मागच्या साली राघूबरोबर हिरव्या लुगड्यातली एक बाई आली होती, तिनं सत्यशीलाला उसाचं कांडं सोलून दिलं होतं, ते आता, इतक्या वर्षांनी आठवलं. त्या साली ती नव्हती. आपण तिला शोधलंही नाही. त्या पंधरवड्यात आई रोज दोन भाकरी आणि पिठलं फडक्यात बांधून राघूच्या कोपीवर धाडायची. कशाला म्हणून धाडतेस, असं एकदा विचारलं, तर म्हणाली होती, “कळंल कधीतरी.” आणि आपण त्या माणसाला अख्खा कोयता नेऊन दिला. अख्खा. त्यानं तो कपाळाला लावला होता.

“बाई,” संस्कृतीनं विचारलं, “त्यो राघू खरा हुता का?”

“खरा होता. मी पाहिलाय त्याला, तुझ्याएवढी होते तेव्हा.” बाईंनी सगळं सांगितलं. “मला वाटत होतं, त्याचा कोयता मोडलाय. आत्तापर्यंत तेच वाटत होतं. उतारा मी लिहिला, पण मला तो वाचता आला नाही. तुला आला.”

बायडाबाईनं हातातलं काम खाली ठेवलं. “बरं केलं, दिला ते. पोराटोरानं दिल्यालं माणूस ठिवून घेतंय मनात.”

“मग त्यानं तुमाला सांगितलं का न्हाई?” संस्कृतीनं विचारलं.

“काय की. मी लहान होते.”

पोरीनं थोडा विचार केला. “तुमाला वाईट वाटंल म्हणून आसंल.”

ती आत गेली आणि दप्तरातून पेपर घेऊन आली. चार घड्या घातलेला होता. तिनं तो बाईंच्या मांडीवर उलगडून ठेवला आणि बाजूला उभी राहिली. काही मागितलं नाही. बाईंनी पर्समधून पेन काढलं. फुली खोडून चालणार नव्हतं, खोडली तरी ती दिसली असती. त्यांनी तिच्या शेजारी लिहिलं, ‘उत्तर बरोबर. चूक बाईंची.’ खाली सही केली, तारीख घातली.

संस्कृतीनं ते दोनदा वाचलं. मग वाल्मिकला म्हणाली, “आबा, मी ऱ्हाते.”

“बघ बरं. मागनं रडाया लागलीस तर मला येता यायचं न्हाई.”

“न्हाई रडत.”

एवढ्यानं झालं असं वाटत होतं, तेवढ्यात बायडाबाई म्हणाली, “आन् माझं काय?”

“तुजं काय?” वाल्मिक म्हणाला.

“मला रोज सांजचं कोन वाचून दाखवनार? तिच्या आईला दाखवायची, ती गेल्यापसनं मला दाखवती. मला वाचता येत न्हाई, पर कळतंय की. त्यात माजं मधी मधी भांडान बी आसतंय.”

“ती आज्जी गोष्टीतल्या मान्सांना शिव्या देती,” संस्कृती म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं.

“फोनवर ऐका ना,” बाई म्हणाल्या.

“रेश्माच्या घरी रेंज कुठाय? म्हसोबाच्या माळावर चढावं लागतंय. आन् रेश्मा उन्हं कलल्यावर पोरीला एकटी माळावर सोडायची न्हाई. मी बी न्हाई सोडू द्यायची.”

“मी नेईन तिला,” बाई म्हणाल्या. बोलून गेल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण शब्द दिला. “रोज नेईन. तुम्ही कोपीवर किती वाजता येता?”

“गाडी भरून हुईस्तवर सांज हुती. सहा धरा. पर रोज म्हंजी रोज का? मास्तर लोक पयल्या चार दिसांचे.”

“रोज. फक्त ऐतवारी मी नगरला असते.”

“मग ऐतवारी सुट्टी,” बायडाबाई म्हणाली. “कारखाना देत न्हाई, तुमी दिली. आन् गुरवारी? गुरवारी तुमचा उपास म्हनं. माळ चढून भोवळ आली तर?”

“उपास पोटाला असतो, आजी. पायांना नसतो.”

म्हातारी हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, “बगा बाई. मी फोन हातात धरून बसंन. आलाच न्हाई तर मला रातभर वाटत ऱ्हाईल, पोरीला काय झालं.”

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी तो उतारा फळ्यावर पुन्हा लिहिला. संस्कृती पहिल्या रांगेत होती. बाईंनी विचारलं, अर्धा कोयता म्हणजे काय, कोणाला ठाऊक होतं? आधी कुणी हात वर केला नाही. मग एक, मग दोन, मग चार. चौथा समर्थचा.

“मग तू मोडला म्हणून का लिहिलंस?”

समर्थ उभा राहिला. “मला बी तसंच वाटलं हुतं, बाई. पर उतारा पुस्तकातल्यावानी हुता. पुस्तकात आपलं काय येत नसतंय. म्हणून मोडलाय लिहिलं.”

बाईंनी त्याला बस म्हटलं नाही. त्याच्याजवळ जाऊन त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग अकराही जणांना त्यांनी सांगितलं, आपल्या घरात ज्याचा अर्थ वेगळा होतो असा एकेक शब्द उद्या आणायचा. “मी शिकायला बसते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही शिकवा.” तो तास घंटा झाली तरी संपला नाही. चुंबळीवरच अर्धा तास गेला. सुताची चांगली की जुन्या लुगड्याची, यावरून दोन पोरी भांडल्या, आणि दोघींनीही आपापली कारणं सांगितली.

सोमवारी पहाटे गाडी गेली. संस्कृती शाळेत आली ती डोळे सुजवून, पण आली. त्या संध्याकाळी फोन करायचा नव्हता, टोळी वाटेतच होती. मंगळवारी आणि बुधवारी कोप्या बांधायच्या होत्या. मुकादमाच्या माणसाकरवी वाल्मिकनं निरोप धाडला, गुरुवारपासून म्हातारी वाट बघणार आहे.

गुरुवारी शाळा सुटल्यावर केंद्रावर बैठक निघाली. बाई परतल्या तेव्हा साडेपाच होत आले होते. सकाळपासून दोन घोट दूध आणि एक केळं, डोकं थोडं चढलं होतं. घरमालकीण म्हणाली, “साबुदाणा केलाय बाई, गरम हाय तवर खाऊन घ्या.”

“झाकून ठेवा,” बाई म्हणाल्या. “येते जाऊन.”

देवापुढं हात जोडले, मोबाईल चार्जरवरून काढला, चार्ज किती झालाय ते पाहिलं. खांद्यावर पदर घेतला आणि त्या रेश्माच्या दारात गेल्या. हाक मारायची गरज पडली नाही. संस्कृती चपला घालून उभीच होती, पुस्तक छातीशी धरून, पानात बोट घातलेलं. रेश्मानं आतून विचारलं, बॅटरी घेतली का, येताना अंधार होईल. बाईंनी पिशवीतली बॅटरी दाखवली.

मग दोघी माळाच्या चढणीला लागल्या.